सुचतं कुठे: डोक्यात की हातात?

मार्च 2016 मध्ये सोल शहरात 'गो' या पटावरच्या खेळाची एक लढत झाली. एका बाजूला जगातल्या अव्वल खेळाडूंपैकी एक, ली सेडोल. दुसऱ्या बाजूला अल्फागो नावाचा संगणक प्रोग्राम. प्रोग्रामने पाचपैकी चार डाव जिंकले आणि जगभर त्याचीच चर्चा झाली. पण त्या लढतीचे फोटो नीट पाहिले तर एक गंमत दिसते. सेडोलसमोर यंत्र नाहीच, चांगला हाडामांसाचा माणूस बसलाय. हा आजा हुआंग, प्रोग्राम बनवणाऱ्या चमूतलाच एक. बाजूच्या पडद्यावर चाल उमटली की तो सोंगटी उचलायचा आणि पटावर ठेवायचा. चाल यंत्राची, हात माणसाचा.

तेव्हा त्याच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. देणार तरी का? खरं काम डोक्याचं, हाताचं काम हमालीचं, हे आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. आता तर एआय कविता लिहितं, चित्रं काढतं, यंत्रांचे आराखडे सुचवतं. त्यामुळे एक प्रश्न वारंवार कानावर येतो: नवीन काही सुचायला शरीर लागतंच कशाला?

माझं मत आधीच सांगून टाकतो. लागतं, आणि ते केवळ डोक्याला खुर्चीपर्यंत नेण्यासाठी नाही. विचाराचा एक मोठा हिस्सा शरीरातच चालतो. विशेषतः ज्या गोष्टीला अजून शब्द सापडलेले नाहीत, तिचा विचार. आणि खऱ्या अर्थाने नव्या असलेल्या गोष्टीला सुरुवातीला शब्द नसतातच.

या विचाराला अभ्यासक 'देहाधिष्ठित आकलन' म्हणतात. अर्थ सरळ आहे: मेंदू एकटा बसून विचार करत नाही, हात, पाय, डोळे आणि समोरच्या वस्तू यांना सोबत घेऊन करतो. शब्द जड आहे, तो इथेच ठेवू आणि पुढे जाऊ.

बोटांना पाठ असलेला नंबर

एखाद्याने अचानक तुमचा जुना पिन विचारला तर तुम्ही अडखळता. मग काय करता? हवेत किंवा टेबलावर बोटं फिरवता, आणि बोटं कुठे जातायत ते पाहून आकडे सांगता. माहिती होती, पण ती सांगता येण्याजोग्या रूपात नव्हती. असंच अक्षरांचं. 'ळ' काढताना पेन आधी कुठल्या दिशेला वळतं? बहुतेकांना हे सांगण्यापूर्वी हवेत एकदा 'ळ' काढावा लागतो. (तुम्ही आत्ता काढलात ना?)

जे येतं पण सांगता येत नाही, त्याला मायकेल पोलानी या विचारवंताने नाव दिलं. मराठीत आपण त्याला 'अव्यक्त ज्ञान' म्हणू. खरं तर आपल्या भाषेला हे त्याच्याही आधीपासून माहीत आहे. काम जमायला लागलं की आपण म्हणतो 'हात बसला'. सवय 'अंगवळणी' पडते, कौशल्य 'अंगात मुरतं', खास लकब असली की ती 'हातोटी'. डोकं बसलं असं कौतुकाने कुणी म्हणत नाही.

सायकल हे याचं नेहमीचं उदाहरण. पण त्यातली खरी मेख फार थोड्यांना ठाऊक असते. चालत्या सायकलवर डावीकडे वळायचं तर हँडल आधी क्षणभर उजवीकडे फिरवावं लागतं. त्याने सायकल डावीकडे कलते आणि मग वळते. सायकल चालवणारा प्रत्येक जण हे करतो, आणि विचारलं तर जवळजवळ प्रत्येक जण चुकीचं उत्तर देतो. एका माणसाने हे मुद्दाम अनेक सायकलस्वारांना विचारून पाहिलं होतं. बरोबर उत्तर त्याला पहिल्या फटक्यात कुणीच दिलं नाही. त्या माणसाचं नाव विल्बर राइट.

कंबरेने उडवलेलं विमान

राइट बंधूंचं अमेरिकेतल्या डेटन गावात सायकलींचं दुकान होतं. 'सायकल दुरुस्त करणाऱ्यांनी विमान बनवलं' हे वाक्य आपण एखादा चमत्कार सांगावा तसं सांगतो. मला त्यात चमत्कार वाटत नाही. सायकल हेच त्यांचं विमानशास्त्राचं शिक्षण होतं.

त्या काळी विमानामागे लागलेल्या बऱ्याच लोकांना वाटे की यंत्र आपोआप स्थिर राहिलं पाहिजे, जहाजासारखं. माणूस त्यात बसेल आणि दिशा देईल. सायकलवाल्या माणसाला हे पटणं कठीण. सायकल मुळात स्थिर नसतेच. ती उभी राहते कारण वर बसलेला माणूस क्षणोक्षणी तोल सावरत असतो, आणि सावरतोय हे त्याचं त्यालाही कळत नाही. मग विमानही तसंच का नसावं? हा प्रश्न सायकलवर कधी न बसलेल्या माणसाला पडला असता, असं मला वाटत नाही.

तोल सावरायचा तर एका बाजूचा पंख थोडा वर, दुसऱ्या बाजूचा थोडा खाली वाकवता यायला हवा. कसा? याचं उत्तर 1899 च्या उन्हाळ्यात दुकानातच मिळालं. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता विल्बर सायकलच्या ट्यूबचा रिकामा, लांबट खोका हातात घेऊन चाळा करत होता. दोन्ही टोकं उलट दिशांना पिळल्यावर खोक्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूला पीळ पडला, पण खोका मोडला नाही. वरची बाजू म्हणजे वरचा पंख, खालची म्हणजे खालचा. विमानाचे पंख असेच पिळता येतील! हातांचा रिकामा चाळा होता म्हणून ते डोळ्यांना दिसलं.

पुढचा टप्पा मला त्याहून आवडतो. पंख पिळणाऱ्या तारा ओढायच्या कशाने? 1902 च्या ग्लायडरमध्ये त्यांनी चालकाच्या कंबरेखाली एक सरकता पाळणा बसवला. चालक पालथा झोपायचा. एक बाजू खाली गेली की माणूस नकळत कंबर वरच्या बाजूला सरकवतो; पाळणा तिकडे सरकला की तारा ओढल्या जायच्या आणि पंख पिळून विमान सरळ व्हायचं. तोल सावरायची जी हालचाल शरीर आपसूक करतं, तीच त्यांनी यंत्राला जोडली.

त्या शरद ऋतूत समुद्रकाठच्या टेकड्यांवरून त्यांनी सातशेहून अधिक उड्डाणं केली. 1901 मध्येच शिकागोत अभियंत्यांसमोर बोलताना विल्बरने या कामाची तुलना अवखळ घोड्याशी केली होती: कुंपणावर बसून निरीक्षण करता येतं, किंवा घोड्यावर चढता येतं, स्वारी शिकायची तर चढावंच लागतं.

दुसऱ्या बाजूला सॅम्युअल लँग्ली होते. मोठे शास्त्रज्ञ, पाठीशी सरकारी पैसा, हाताशी उत्तम इंजिन. त्यांचं विमान एका मोठ्या बोटीच्या छतावरून दोनदा झेपावलं आणि दोन्ही वेळा नदीत कोसळलं. दुसऱ्यांदा कोसळलं ती तारीख 8 डिसेंबर 1903. विमानात बसवलेल्या चालकाला उडण्याचा काडीचाही सराव नव्हता. लँग्लींच्या अपयशाला यंत्राच्या रचनेतले दोषही कारण होते, सगळं खापर सरावावर फोडता येणार नाही. पण नऊ दिवसांनी, 17 डिसेंबरला, ऑर्व्हिल राइटने 12 सेकंदांत 120 फुटांचं पहिलं उड्डाण केलं तेव्हा जागं असलेलं शरीर नक्कीच त्याच्या बाजूला होतं.

पुठ्ठ्याचे तुकडे आणि व्हिडिओ गेम

हे झालं मोठ्या यंत्राचं. डोळ्यांना न दिसणाऱ्या रेणूंचं काय? तिथे हाताचा काय संबंध?

फेब्रुवारी 1953. केंब्रिजमध्ये जेम्स वॉटसन डीएनएच्या रचनेशी झगडत होता. रोझालिंड फ्रँकलिन यांच्या क्ष-किरण चित्रांतून मिळालेले मोलाचे धागे समोर होते. डीएनएच्या चार घटकांचे रासायनिक आकार आपण चुकीचे धरतोय, ही चूक जेरी डोनोह्यू या सहकाऱ्याने दाखवून दिली होती. आता नमुने हवे होते, पण वर्कशॉपमधून धातूचे तुकडे तयार होऊन आले नव्हते. वॉटसनने पुठ्ठा कापला. 28 फेब्रुवारीच्या सकाळी टेबल मोकळं करून तो ते तुकडे एकमेकांना लावून पाहत बसला. हा त्याला, तो ह्याला. एका क्षणी दिसलं की दोन ठरावीक जोड्यांचा एकूण आकार अगदी सारखा होतो. डीएनएच्या पिळदार शिडीच्या पायऱ्या सापडल्या.

त्याआधी 1948 मध्ये लायनस पॉलिंग हा रसायनशास्त्रज्ञ सर्दीने आजारी पडून ऑक्सफर्डमध्ये अंथरुणात होता. रहस्यकथा वाचून कंटाळा आल्यावर त्याने कागदावर प्रथिनाची साखळी काढली आणि कागदाला घड्या घालत बसला. घड्या घालता घालता कागदाचा मळसूत्रासारखा पीळ तयार झाला. प्रथिनांची ही मूलभूत रचना त्याने 1951 मध्ये जाहीर केली.

आठवणींना नंतर झळाळी येते, मान्य. म्हणून एक प्रयोग सांगतो. डेव्हिड किर्श आणि पॉल माग्लिओ यांनी 1994 मध्ये टेट्रिस खेळणाऱ्यांचा अभ्यास केला. वरून आकार पडतात, ते फिरवून खालच्या खाचेत बसवायचे. अपेक्षा अशी की खेळाडू आधी मनात आकार फिरवून पाहील, मग बटण दाबेल. कुशल खेळाडू मात्र गरजेपेक्षा जास्त वेळा बटण दाबत होते. आकार आल्याबरोबर फिरवायचे, पाहायचे, मग ठरवायचे. कारण साधं होतं. मनात फिरवण्यापेक्षा पडद्यावर फिरवणं जलद होतं. हाताची हालचाल ही विचाराची अंमलबजावणी नव्हती, तीच विचार होती.

पुठ्ठ्याचे तुकडे सरकवणं, कागद दुमडणं, स्केच काढून खोडणं, हे सगळं याच जातीचं काम. मनातला आकार आपण सांगू तसा वागतो. पुठ्ठा वागत नाही. तो बसत नसेल तर नाही बसत, आणि तिथेच आपली चूक कळते.

चालताना सुचतं, हे खरं का?

सुचण्याच्या आणि चालण्याच्या गोष्टी भरपूर आहेत. विल्यम रोवन हॅमिल्टन या गणितज्ञाला बरीच वर्षं हुलकावणी देणारं उत्तर 16 ऑक्टोबर 1843 रोजी डब्लिनमध्ये कालव्याकाठी बायकोबरोबर चालताना सापडलं. त्याने चाकू काढून ते सूत्र तिथल्या पुलाच्या दगडावर कोरलं. आज त्रिमितीय अ‍ॅनिमेशनपासून अंतराळयानांच्या दिशानियंत्रणापर्यंत ते गणित वापरतात.

पण चालताना काहीच न सुचलेल्यांची नोंद कुणी ठेवत नाही. त्यामुळे मोजमाप हवं. स्टॅनफर्ड विद्यापीठात मॅरिली ओपेझ्झो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी ते केलं आणि 2014 मध्ये प्रसिद्ध केलं. लोकांना रोजच्या वस्तूंचे जितके वेगळे उपयोग सुचतील तितके सांगायला सांगितलं, एकदा बसून आणि एकदा चालत. चालताना नवे आणि उपयुक्त पर्याय सुचण्याचं प्रमाण सरासरी सुमारे 60 टक्क्यांनी वाढलं. ट्रेडमिलवर, समोर कोरी भिंत असतानाही वाढलं. म्हणजे श्रेय निसर्गदृश्याचं नव्हतं. बाहेर व्हीलचेअरवर बसवून फिरवलेल्यांशीही तुलना केली, तेव्हाही चालण्याचा परिणाम वेगळा उठून दिसला. चालून येऊन बसल्यावरही तो काही काळ टिकला.

मात्र याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष बहुतेक जण सांगायचं विसरतात. ज्या कोड्याला एकच बरोबर उत्तर असतं, त्यात चालणारे किंचित मागे पडले. तेव्हा पर्याय शोधायचेत तर चाला, हिशेब तपासायचाय तर बसा.

हातवारे कशासाठी?

फोनवर बोलणारा माणूस हातवारे करतो, पलीकडच्याला दिसत नसताना. जन्मतः अंध माणसंही बोलताना हातवारे करतात, समोरचा ऐकणाराही अंध असला तरी करतात. जाना आयव्हर्सन आणि सुझन गोल्डिन-मेडो यांनी 1998 मध्ये हे दाखवून दिलं. म्हणजे हातवारे ऐकणाऱ्यासाठी जेवढे, तेवढेच बोलणाऱ्यासाठी. हात हलवत गणित समजावून सांगणाऱ्यांच्या डोक्यावरचा भार हलका होतो, असंही गोल्डिन-मेडो यांच्या चमूला आढळलं. बैठकीत 'असं... असं वळून... इकडून आत' म्हणत हवेत काहीतरी घडवणाऱ्या सहकाऱ्याला हसू नये. त्याच्या हातात कल्पना आलेली असते, तोंडात यायची असते.

'सगळं लिहून ठेवलं की झालं' का नाही?

इथे पहिला आक्षेप येतो. शरीरात ज्ञान असेलही, पण ते शब्दांत उतरवून ठेवलं की पुढच्याला वाचून करता येईल ना?

1970 च्या दशकात समाजशास्त्रज्ञ हॅरी कॉलिन्स यांनी एका नव्या प्रकारच्या लेझरचा मागोवा घेतला. लेझरची माहिती शोधनिबंधांत छापलेली होती. बनवणारे सगळे तज्ज्ञ होते. तरीही नुसत्या छापील माहितीवरून चालणारा लेझर कुणालाही बनवता आला नाही. ज्यांना जमला, त्यांचा आधी तो बनवलेल्या कुणाशी तरी प्रत्यक्ष संबंध आला होता. काही बाबी तर बनवणाऱ्यालाही महत्त्वाच्या वाटल्या नव्हत्या. एका ठिकाणची तार जास्त लांब असली तर लेझर चालत नाही, हे आधी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. ज्याचा चालत होता, त्याची तार आपली सहज आखूड होती. आता जे आपल्याला माहीत आहे हेच माहीत नाही, ते कागदावर उतरणार कसं?

एखादा कुशल माणूस निवृत्त झाला की कामाच्या सगळ्या फायली मागे राहतात आणि काम तरीही अडतं, ते याचमुळे.

'पण गणित तर निव्वळ डोक्याचं?'

आइन्स्टाइनला गणितज्ञ जाक आदामार यांनी विचारलं होतं, तुम्ही विचार कशात करता? 1945 मध्ये छापल्या गेलेल्या उत्तरात आइन्स्टाइनने कळवलं की त्याच्या विचारात शब्दांना जवळपास जागाच नसते. असतात त्या प्रतिमा, काही दृश्य आणि काही चक्क स्नायूंच्या स्वरूपाच्या. शब्द आणि चिन्हं नंतर, कष्टाने शोधावी लागतात. ही एका माणसाची साक्ष आहे, पुरावा नाही. पण शुद्ध बुद्धीचं प्रतीक म्हणून ज्याचा फोटो भिंतीवर लावतात, त्याची साक्ष आहे.

ज्यांचं शरीर साथ देत नाही, त्यांचं काय?

हा आक्षेप मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. 'शरीर महत्त्वाचं' म्हटलं की 'धडधाकट शरीर महत्त्वाचं' असं ऐकू येतं. मुद्दा अगदी वेगळा आहे. प्रत्येक शरीर जगाला वेगळ्या जागी भिडतं, आणि जिथे भिडतं तिथे त्याला इतरांना न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात.

लुई ब्रेल लहानपणी वडिलांच्या कामाच्या जागी आरीने डोळ्याला इजा होऊन अंध झाला. पुढे शिकताना त्याच्या हाती शार्ल बार्बिए यांनी तयार केलेली उठावाच्या ठिपक्यांची लिपी आली. तिच्यात एका चिन्हासाठी बारापर्यंत ठिपके होते. डोळ्यांना ती सुटसुटीत वाटली असेल, बोटाला नाही. एवढे ठिपके एका बोटाच्या टोकाखाली मावत नाहीत. बोट वरखाली फिरवावं लागतं आणि वाचनाची लय तुटते. ब्रेलने ठिपके सहावर आणले. 1824 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी. आजही ब्रेल लिपीतलं अक्षर बोटाच्या टोकाला एका स्पर्शात कळतं. डोळस संशोधकाने हे कागदावर मोजून काढलं असतंही कदाचित, पण कुणी काढलं नव्हतं हे खरं.

स्टीफन हॉकिंग यांनी स्वतः लिहून ठेवलेली एक गोष्ट आहे. नोव्हेंबर 1970 मध्ये एका रात्री झोपायला जाताना ते कृष्णविवरांचा विचार करत होते. आजारामुळे अंथरुणात शिरायला त्यांना बराच वेळ लागायचा, त्यामुळे विचाराला सवड मिळाली. त्याच रात्री त्यांना कृष्णविवराच्या पृष्ठभागाबद्दलची त्यांची प्रसिद्ध कल्पना सुचली. हाताने समीकरणं लिहिणं अशक्य होत गेलं तसं ते आकारांमध्ये, भूमितीच्या चित्रांमध्ये विचार करू लागले. शरीर बदललं, तशी विचाराची पद्धत बदलली.

यातलं किती टिकाऊ आहे?

सगळं नाही. या विषयाच्या नावाखाली बराच कचराही खपवला गेला. दोन मिनिटं छाती पुढे काढून उभं राहिलं की शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि माणूस धाडसी होतो, असा 2010 चा एक अभ्यास भलताच गाजला. 2015 मध्ये मोठ्या गटावर प्रयोग केला तेव्हा संप्रेरकांवर काहीच परिणाम दिसला नाही, आणि 2016 मध्ये मूळ अभ्यासाच्या पहिल्या लेखिकेनेच आपला त्यावर विश्वास राहिला नसल्याचं जाहीर केलं. दातांत पेन धरून चेहरा हसरा केला की व्यंगचित्रं जास्त विनोदी वाटतात, हा 1988 चा प्रयोग 2016 मध्ये 17 प्रयोगशाळांनी करून पाहिला. तो परिणाम मिळाला नाही.

माझा ढोबळ निकष असा: एखादी पोज घेतली की जादू होते असं कुणी सांगत असेल तर सावध व्हावं. हाताला खरं काम आहे, समोर खरी वस्तू आहे आणि ती वस्तू उलट उत्तर देतेय, अशा अभ्यासांवर जास्त भरवसा ठेवावा.

मग एआयचं काय?

1988 मध्ये हान्स मोरावेक या रोबोटतज्ज्ञाने एक विचित्र गोष्ट नोंदवली होती. संगणकाला पटावरच्या खेळात मोठ्या माणसांच्या तोडीचं करणं त्यामानाने सोपं, पण वर्षभराच्या बाळाइतकं पाहणं आणि हालचाल करणं शिकवणं अतिशय कठीण. आपल्याला जे अवघड वाटतं ते यंत्राला सोपं, आणि जे आपल्याला काहीच वाटत नाही तेच अवघड.

आजचं एआय प्रामुख्याने माणसांनी लिहिलेल्या, काढलेल्या गोष्टींवर शिकलं आहे. म्हणजे कुणाच्या तरी हाताने आधी करून पाहिलेल्या आणि मग व्यक्त झालेल्या गोष्टींवर. तेवढ्या शिदोरीवर ते थक्क करणारी कामं करतं, नवी जुळणीही करतं. अल्फागोच्या काही चाली निष्णात खेळाडूंनाही आधी चुकीच्या वाटल्या होत्या. पण गो-च्या पटाचे सगळे नियम आधीच लिहिलेले असतात. पुठ्ठ्याचे, वाऱ्याचे, बोटाच्या टोकाचे नियम तसे पूर्ण लिहिलेले नसतात.

आता हे यंत्रांना शिकवायची धडपड सुरू आहे, आणि ती कशी चालते ते पाहण्यासारखं आहे. रोबोटला भांड्यातलं पाणी पेल्यात ओतायला शिकवायचं असेल, तर अनेक प्रयोगशाळांत एक माणूस त्याच्या शेजारी उभा राहतो. मनगट किती वाकवायचं, कधी थांबायचं हे त्याला आकड्यांत सांगता येत नाही. म्हणून तो रोबोटचा हात आपल्या हातात धरतो आणि हळूहळू पाणी ओततो. पुन्हा ओततो. पाटीवर अक्षर गिरवून घ्यावं तसं, पुन्हा पुन्हा.